फेडरल कंत्राट मिळालेल्या क्लायंटसाठी ई-व्हेरिफाय: जुन्या कर्मचाऱ्यांचं काय करायचं?

चाफा

नमस्कार मंडळी. मी उत्तर व्हर्जिनियात एका छोट्या पेरोल कंपनीत काम करते. पगाराच्या कामाबरोबर आम्ही काही क्लायंटसाठी ई-व्हेरिफायचे (माणसाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हे सरकारी नोंदींशी ताडून बघणारी ऑनलाइन यंत्रणा) एम्प्लॉयर एजंट म्हणूनही काम बघतो. त्यांच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की ते त्याचा आय-९ (ओळख आणि कामाची परवानगी नोंदवणारा फॉर्म) पाठवतात, आम्ही त्यांच्या वतीने पडताळणीची केस उघडतो आणि निकाल कळवतो. आजवरचे सगळे क्लायंट साधे खाजगी धंदेवाले, त्यामुळे नव्या भरतीपलीकडे कधी जावं लागलं नाही.

आता आमच्या एका जुन्या पेरोल क्लायंटला पहिल्यांदाच फेडरल सरकारचं काम मिळालंय. साफसफाई आणि इमारतींची देखभाल करणारी कंपनी आहे, माणसं दीडशेच्या आसपास. त्यातली चाळीसेक या सरकारी इमारतीत जाणार, बाकीची आहेत तिथेच खाजगी ऑफिसांमध्ये राहणार. कंपनीची ई-व्हेरिफायमध्ये अजून नोंदणीच नाही. मालकाचं म्हणणं असं, की सगळ्या दीडशे जणांची नावं एकदाची घालून टाका, कटकट मिटेल. शिवाय तो म्हणतो, "एजंट तुम्ही आहात, आता जबाबदारी तुमची."

मला हे सगळंच खटकतंय. जुने आय-९ चाळून पाहिले तर बऱ्याच फॉर्मांवर सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना कोरा आहे, कारण तेव्हा तो भरणं ऐच्छिक होतं. काही फॉर्म बारा-तेरा वर्षांपूर्वीचे. एक बाई १९८४ पासून तिथे काम करतात, त्यांचा आय-९ कधी झालेलाच नाही. मालक म्हणतो त्यांचाही आता भरून घ्या.

तर सगळ्यांचं करायचं की फक्त चाळीस जणांचं? जुने फॉर्म चालतात का? मुदत कधीपासून मोजायची? आणि उद्या काही चुकलं तर धरणार कोणाला? ज्यांनी फेडरल कंत्राटदारांसाठी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.


निळीशाई

चाफा, तुम्ही थांबून विचारलंत हे उत्तम केलंत. मी मेरीलँडमध्ये बरीच वर्षं हेच काम करते आणि माझे निम्मे क्लायंट कंत्राटदारच आहेत. सविस्तर लिहिते, कारण या विषयात अर्धवट माहितीचा फटका बसतो तो तिसऱ्याच माणसाला. तो रात्रपाळीत फरशी पुसत असतो आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

सगळ्यात आधी कंत्राटाचा कागद मागवा. मालकाचं "सरकारी काम मिळालं" हे वाक्य पुरेसं नाही. कंत्राटात एफएआरचं (म्हणजे फेडरल सरकारच्या खरेदी-कंत्राटांच्या नियमांचं) कलम ५२.२२२-५४ आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेच ई-व्हेरिफायचं कलम. २००८ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशातून हा नियम आला आणि ८ सप्टेंबर २००९ पासून लागू झाला. पण तो सरसकट प्रत्येक फेडरल कंत्राटाला लागत नाही. काम ठरावीक रकमेच्या वरचं असावं लागतं, मुदत १२० दिवस किंवा जास्त असावी लागते, काम अमेरिकेत व्हावं लागतं, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तूंच्या खरेदीला सूट आहे. म्हणून रकमेवरून किंवा कामाच्या स्वरूपावरून अंदाज बांधत बसू नका. कलम कंत्राटात आहे की नाही, एवढंच बघा. शंका असेल तर मालकाने काँट्रॅक्टिंग ऑफिसरला (कंत्राट बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) लेखी विचारावं.

हा आग्रह का धरते ते सांगते. साधा मालक ई-व्हेरिफाय फक्त नव्या भरतीसाठी वापरू शकतो. आधीपासून कामावर असलेल्या माणसाचं नाव घालायला त्याला मनाई आहे. एफएआरचं कलम हा त्याला असलेला अपवाद. कलम नसताना तुम्ही त्या दीडशे जणांची नावं घातलीत, तर सही केलेल्या एमओयूचाच (ई-व्हेरिफाय वापरण्याच्या कराराचा) भंग होईल, आणि केस उघडणारा हात तुमचा असेल.

समजा कलम आहे. मग मालकाला दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळी नवी भरती आणि या कंत्राटावर नेमलेले जुने कर्मचारी. दुसरी म्हणजे सगळी नवी भरती आणि कंपनीतले सगळेच जुने कर्मचारी. नवी भरती दोन्हीकडे आहे, आणि ती पूर्ण कंपनीची. माणूस सरकारी इमारतीत जाणार असो की खाजगी ऑफिसात, नवा असेल तर त्याची केस होणारच. विद्यापीठं, राज्य आणि स्थानिक सरकारं, मान्यताप्राप्त आदिवासी जमातींची सरकारं यांना यात सवलत आहे, तुमच्या क्लायंटला नाही.

दुसरी वाट निवडली की मागे फिरता येत नाही असं समजूनच चला. निवड कळवल्यापासून १८० दिवसांत प्रत्येक जुन्या कर्मचाऱ्याची केस उघडावी लागते. मालकाला वाटतं तशी कटकट मिटत नाही. दीडशे जुने आय-९ उघडायचे, प्रत्येक माणसाशी बोलायचं, ज्यांचा या कंत्राटाशी काडीचा संबंध नाही अशा शंभर लोकांना तपासणीला तोंड द्यायला लावायचं. माझा सल्ला स्पष्ट आहे: फक्त नेमलेल्यांची करा. अपवाद एकच. माणसं दर आठवड्याला या इमारतीतून त्या इमारतीत फिरत असतील आणि कोण कधी सरकारी कामावर गेलं याचा हिशेब ठेवणंच अशक्य असेल, तर सगळ्यांचं करणं परवडतं. पण आधी हिशेब ठेवायचा प्रयत्न तरी करून बघा. मी माझ्या अशा क्लायंटकडून दर सोमवारी ड्यूटीची यादी मागवते, ज्यात नाव, इमारत आणि त्या इमारतीतला पहिला दिवस असतो. तेवढ्यावर काम भागतं.

मुदतीचं सांगते. क्लायंटची आधी नोंदणी नाही, तर कंत्राट मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी. नोंदणीपासून ९० दिवसांच्या आत नव्या भरतीच्या केसेस सुरू, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या माणसाची केस तो कामाला लागल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत. कंत्राटावर नेमलेल्या जुन्या लोकांसाठी नोंदणीपासून ९० दिवस किंवा त्या माणसाच्या नेमणुकीपासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. हे "जे नंतर येईल ते" नीट लक्षात ठेवा. सहा महिन्यांनी एखादा जुना माणूस तिथे बदलीवर गेला तर त्याचे ३० दिवस त्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

नोंदणी तुमच्या एजंट खात्यातून नवा क्लायंट म्हणून करायची. क्लायंटसाठी वेगळा एमओयू असतो, त्यावर मालकाची सही लागते आणि ती प्रत तुम्ही जपून ठेवायची. कंपनीची माहिती भरताना "एफएआर ई-व्हेरिफाय कलम असलेला फेडरल कंत्राटदार" हाच प्रकार निवडा आणि दोनपैकी कुठली वाट धरली ते तिथेच नोंदवा. हे राहिलं तर सिस्टीमच्या लेखी तो साधा मालक आणि तुम्ही बेकायदा जुन्या लोकांची नावं घालताय, असं चित्र उभं राहतं.

आता जुने आय-९. चालतात, पण अटी आहेत. फॉर्म पूर्ण भरलेला हवा, सोशल सिक्युरिटी नंबरसकट. 'लिस्ट बी'तलं (आय-९ च्या कागदपत्रांच्या यादीतल्या ओळखपत्रांच्या भागातलं) ओळखपत्र दाखवलं असेल तर ते फोटोचं असावं. कामाच्या परवान्याची मुदत संपलेली नसावी. आणि चौथी अट, जिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं: मालकाने प्रत्येक माणसाशी बोलून खात्री करायची, की पहिल्या भागात त्याने स्वतःबद्दल जे लिहून दिलंय ते आजही तसंच आहे. तेरा वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर असलेली बाई आज नागरिक असू शकते. मग तिचा जुना फॉर्म चालणार नाही, नवा भरायचा. तुमच्या वर्णनावरून निदान निम्म्या जणांचे नवे फॉर्म लागतील. मी तर सांगीन, नेमलेल्या चाळीसही जणांचे नवेच भरा, म्हणजे सगळ्यांना एक नियम लागतो. नवा फॉर्म जुन्याला जोडून ठेवा, जुना फाडू नका, आणि नव्यावर आजचीच तारीख घाला. कागदपत्रं कुठली दाखवायची ते कर्मचारी ठरवणार. "ग्रीन कार्डच आण" असं कोणीही म्हणायचं नाही.

केस उघडताना एक बारीक गोष्ट. रुजू होण्याची तारीख म्हणून मूळ तारीख जाते, उदाहरणार्थ २०१२ मधली. साहजिकच सिस्टीम विचारते, एवढा उशीर का? तिथल्या यादीत "एफएआर कलम असलेला फेडरल कंत्राटदार जुन्या कर्मचाऱ्याची पडताळणी करत आहे" अशा अर्थाचं कारण असतं. तेच निवडा. घाईत दुसरं काहीतरी निवडून मोकळे झालेले एजंट मी पाहिलेत, नंतर खुलासे देत बसावं लागतं.

त्या १९८४ वाल्या बाईंना हात लावू नका. ६ नोव्हेंबर १९८६ किंवा त्याआधीपासून सलग कामावर असलेल्यांना आय-९ लागूच नाही, आणि एफएआरच्या कलमातही "नेमलेला कर्मचारी" म्हणजे त्या तारखेनंतर घेतलेला, असंच लिहिलंय. मालकाने सगळ्या कंपनीची वाट धरली तरी त्या त्यात येत नाहीत. चाळीस वर्षं इमाने इतबारे काम केलेल्या बाईंना "कागद दाखवा" म्हणायचं काहीएक कारण नाही. ज्यांच्याकडे चालू सिक्युरिटी क्लिअरन्स आहे, किंवा ज्यांची फेडरल ओळखपत्रासाठी एचएसपीडी-१२ या सरकारी आदेशाखालची चौकशी पूर्ण होऊन कार्ड मिळालंय, त्यांचीही केस करावी लागत नाही.

जबाबदारीचं मालकाला शांतपणे पण लेखी कळवा. तुम्ही एजंट म्हणून माहिती अचूक भरता, वेळेत भरता, गोपनीय ठेवता, निकाल लगेच कळवता. एवढं तुमचं, आणि ते काही थोडं नाही. पण कंत्राट त्याचं आहे, माणसं त्याची आहेत, आय-९ त्याचे आहेत. कोण कंत्राटावर नेमलाय हे तो ठरवणार. एजंट नेमल्याने मालकाची कायद्याखालची जबाबदारी संपत नाही. मी क्लायंटकडून नुसती एक्सेलची यादी घेत नाही. पूर्ण भरलेला आय-९ समोर असल्याशिवाय केस उघडायची नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे.


बोस्टनकर

निळीशाईंनी जवळजवळ सगळं सांगितलंय. मी एका मुख्य कंत्राटदाराकडे काम करतो, त्या बाजूने थोडी भर घालतो.

चाफा, तुमचा क्लायंट मुख्य कंत्राटदार आहे. त्याने खिडक्या धुण्याचं किंवा बर्फ उपसण्याचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं, तर सेवा आणि बांधकामाच्या अशा उपकंत्राटात हेच कलम खाली उतरवावं लागतं. फार लहान रकमेची कामं त्यातून सुटतात, नुसता माल पुरवणाराही सुटतो. उपकंत्राटदाराच्या माणसांची पडताळणी तुमच्या क्लायंटने करायची नाही, त्याची ई-व्हेरिफायमध्ये नोंदणी आहे एवढी खात्री करायची. आम्ही उपकंत्राटदाराकडून त्याच्या खात्यातल्या कंपनी माहितीच्या पानाची छापील प्रत घेतो आणि फाईलला लावतो. त्याच्या कर्मचाऱ्यांची नावं, निकाल यातलं काहीही मागत नाही. काही मुख्य कंत्राटदार प्रत्येकाच्या निकालाचा कागद मागतात, तो देऊ नका.

दुसरं, सरकारी कामकाज बंद पडलं की ई-व्हेरिफायही बंद पडू शकतं. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये महिनाभर बंद होतं. आय-९ मात्र तेव्हाही वेळेतच भरावा लागतो. तुमची ३० किंवा ९० दिवसांची मुदत अशा काळात संपत असेल, तर क्लायंटला आपल्या काँट्रॅक्टिंग ऑफिसरशी बोलायला सांगा.


चाफा

दोघांचेही मनापासून आभार. निळीशाई ताई, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर ठेवलाय. कंत्राट मागवून वाचलं, कलम आहे. मालकाला चाळीसांवर आणलंय, त्या १९८४ वाल्या बाईंचा विषयही मिटला.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे "नेमलेले" कोणाला धरायचं? फरशी पुसणारे तर झालेच. पण ऑफिसात बसून ड्यूट्या लावणारी मुलगी, सगळ्याच इमारतींना सामान पोचवणारा ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा फेरी मारणारा सुपरवायझर, आणि कोणी रजेवर गेलं की जाणारे बदली कामगार, यांचं काय?

दुसरी गोष्ट लिहायलाही बरं वाटत नाही. मालकाच्या मॅनेजरने मला एक यादी पाठवलीय, "यांचं पहिलं करा, यांच्या कागदांबद्दल मला शंका आहे." यादीतली झाडून सगळी नावं स्पॅनिश आहेत. त्यातले काही जण तर या कंत्राटावर जाणारही नाहीत.


निळीशाई

चाफा, दुसरी गोष्ट आधी. ती यादी वापरू नका, आणि नुसतं गप्पही बसू नका. मालकाला आजच ईमेल करा की ही यादी स्वीकारता येणार नाही. नाव, उच्चार, देश, नागरिकत्व यावरून कोणाची केस करायची किंवा कोणाची आधी करायची हे ठरवणं म्हणजे भेदभाव. इमिग्रेशनच्या कायद्यातच त्याला मनाई आहे, कलम १३२४बी. न्याय खात्याचा इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन अशा तक्रारी बघतो. तुम्ही एजंट आहात म्हणून तुमचा संबंध नाही असं होत नाही, एमओयूमध्ये भेदभाव न करण्याची हमी आहे. मॅनेजरला खरंच कायदा समजून घ्यायचा असेल तर त्याच विभागाची मालकांसाठी मोफत हेल्पलाईन आहे, तो नंबर ईमेलमध्ये द्या. आणि जे कंत्राटावर जाणारच नाहीत त्यांची केस करायला मुळात अधिकारच नाही.

क्रम कसा लावायचा? नेमणुकीच्या तारखेने. ज्याचा पहिला दिवस आधी, त्याची केस आधी. एकाच तारखेचे दहा जण असतील तर आडनावाच्या अक्षराने. हा नियम एका कागदावर लिहून, मालकाची सही घेऊन फाईलला लावा, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर उत्तर तयार असेल.

आता "नेमलेले". कलमाची व्याख्या अशी आहे की जो अमेरिकेत त्या कंत्राटाखाली प्रत्यक्ष काम करतो तो नेमलेला. जो एरवी आधाराची, वरकड कामं करतो आणि कंत्राटाच्या कामाचा लक्षणीय भाग करत नाही, तो नाही. म्हणून ड्यूट्या लावणारी मुलगी नाही, पगार करणारे नाहीत. सगळ्याच इमारतींना साबण आणि पिशव्या पोचवणारा ड्रायव्हर माझ्या मते नाही. पण तोच ड्रायव्हर तिथे उतरून दोन तास मशीन चालवत असेल तर हो. बदली कामगार नक्की हो. त्या इमारतीत पहिल्यांदा गेला त्या दिवसापासून त्याचे ३० दिवस सुरू. सुपरवायझरचं मालकाला विचारा. नुसती फेरी मारून सही करतो, की कंत्राटात त्या जागी सुपरवायझर द्यायचा असं लिहिलंय? लिहिलं असेल तर तो नेमलेलाच. मालकाने उत्तर कारणासकट लेखी द्यावं. हे ठरवणं त्याचं काम आहे, तुम्ही ठरवून देऊ नका.


तुळस

मी यातली जाणकार नाही, पण पलीकडच्या बाजूने यातून गेलेय म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीत एका कंत्राटदार कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. कंपनीला असंच फेडरल काम मिळालं आणि आमची सगळ्यांची पडताळणी झाली. माझा आय-९ ग्रीन कार्डच्या काळातला. मध्यंतरी मी नागरिक झाले होते. आपल्याकडच्या बायकांच्या नावांचा घोळ तुम्हाला माहीत आहे: भारतीय पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र, आडनाव सासरचं. नागरिक होताना नवऱ्याचं नाव काढून टाकलं. सोशल सिक्युरिटीकडे जुनंच नाव होतं. एचआरने मला काहीही न विचारता जुन्या फॉर्मवरून केस उघडली आणि मिसमॅच आला.

चूक कागदाची होती, दोन फेऱ्यांत मिटली. पण सांगितलं कसं, ते विसरता येत नाही. मॅनेजर लॅबमध्ये आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझे पेपर क्लिअर झाले नाहीत, होईपर्यंत घरी थांब." मी अमेरिकन नागरिक, पासपोर्ट पर्समध्ये. घरी थांबले त्या दिवसांचा पगारही बुडाला. नंतर कळलं की तिला मला घरी बसवायचा अधिकारच नव्हता. चाफा ताई, तुमच्या चाळीस जणांत असं कोणी निघालं तर कृपा करून त्यांना आधी कळू द्या की त्यांना काय काय हक्क आहेत. मला इंग्रजी येतं, शिकलेली आहे, तरी त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.


निळीशाई

तुळस, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत एकामागून एक तीन नियम मोडले गेले: जुना फॉर्म न विचारता वापरला, चारचौघांत सांगितलं, आणि घरी बसवलं. चाफा, मी मघाशी मिसमॅचबद्दल लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. तुमच्या कामात हेच सगळ्यात नाजूक आहे.

मिसमॅच, म्हणजे पूर्वी ज्याला टेंटेटिव्ह नॉनकन्फर्मेशन म्हणायचे, याचा अर्थ माणूस बेकायदा आहे असा होत नाही. आय-९ वरची माहिती सोशल सिक्युरिटीच्या किंवा होमलँड सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळली नाही, एवढाच अर्थ. लग्नानंतरचं नाव, दोन आडनावं, जन्मतारखेतले दिवस-महिने उलटे, नागरिकत्वाची नोंद न झालेली, अशी कितीतरी साधी कारणं असतात. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही टाईप केलेलं आय-९ शी ताडून बघा. स्पॅनिश नावांत दोन आडनावं असतात, त्यातलं एक मधल्या नावात जाऊन बसतं.

टायपिंग बरोबर असेल तर सिस्टीममधून फर्दर अॅक्शन नोटीस (मिसमॅच आलाय आणि पुढे काय करता येतं हे कर्मचाऱ्याला सांगणारा कागद) काढा आणि क्लायंटकडे पाठवा. ती स्पॅनिशसह बऱ्याच भाषांत मिळते, इंग्रजीबरोबर त्या माणसाच्या भाषेतलीही पाठवा. ती त्याच्या हातात कोण देणार हे आजच ठरवून घ्या. त्या मॅनेजरने नको, हे मी उघडच सांगते. बंद खोलीत, दुसरं कोणी नसताना, नोटीस वाचायला वेळ देऊन. मिसमॅच आल्यापासून सरकारी कामकाजाच्या १० दिवसांत त्याला कळवून, दाद मागायची की नाही हे त्याच्याकडून घेऊन केस पुढे पाठवायची असते. तो "मागतो" म्हणाला की तुम्ही केस रेफर करता आणि त्याला तारखेचा दुसरा कागद मिळतो. तिथून सरकारी कामकाजाच्या ८ दिवसांत त्याने सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं किंवा होमलँड सिक्युरिटीला संपर्क करायचा. जायचं फक्त, निकाल यायला जास्त दिवस लागू शकतात, आणि ते दिवस त्याच्या विरोधात मोजायचे नाहीत.

या सगळ्या काळात तो कामावर. पाळी कमी करायची नाही, पगार कापायचा नाही, दुसऱ्या इमारतीत हलवायचं नाही, ट्रेनिंग थांबवायचं नाही. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात दिवसाच जावं लागतं आणि तुमची माणसं रात्रपाळीची आहेत, तेव्हा त्या दिवशी त्याला उशिरा यायची मुभा द्यायला मालकाला सांगा. मी माझ्या क्लायंटना ईमेलमध्ये एक वाक्य ठळक करून पाठवते: "अंतिम निकाल येईपर्यंत या कर्मचाऱ्याच्या कामात, वेळेत आणि पगारात कोणताही बदल करू नये." त्याची पोच घेते. पोच आली नाही तर फोन करते.

केसेस सुरू करायच्या आधी चाळीस जणांना एकत्र बोलावून दहा मिनिटं समजावून सांगायला मालकाला सांगा, सोबत स्पॅनिश बोलणारं कोणीतरी घ्या. पडताळणी का होतेय, कोणाकोणाची होतेय, मिसमॅच आला तर काय करायचं. ई-व्हेरिफायचं आणि राइट टू वर्कचं अशी दोन्ही पोस्टर्स इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लावावीच लागतात. ती ऑफिसच्या भिंतीवर तर लावाच, पण तुमची माणसं ऑफिसात कधी येतच नसतील, म्हणून जिथे ते कार्ड पंच करतात तिथेही लावून घ्या. आणि त्याच बैठकीत विचारून टाका, आय-९ भरल्यापासून कोणाचं नाव बदललंय का, कोणी नागरिक झालंय का. हात वर करायला लावू नका, प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि तो बंद पाकिटात परत घ्या.


चाफा

बैठक गुरुवारी ठरली, पाळी सुरू व्हायच्या आधी. स्पॅनिशसाठी आमच्याच ऑफिसातली एक सहकारी येतेय. मॅनेजरला यादी परत गेली, मालकाने स्वतः फोन करून सांगितलं की नोटीस द्यायचं काम तो करणार. तुळस, तुमची गोष्ट मी त्याला नाव न घेता सांगितली, चालेल ना?


तुळस

चालेल. मालकाला एवढं मात्र नक्की सांगा, की नोटीस देताना खुर्ची द्या आणि स्वतःही बसा. माझ्याशी ती उभ्या उभ्या बोलली होती.